पेटीवर नेमकं काय लिहू?

जाहिरात, अक्षरं आणि वेष्टनं यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मी या सदरातून उत्तरं देते. उमेदीची वर्षं मुंबईच्या जाहिरात संस्थेत गेली. आता कुडाळात माझं छोटंसं काम आहे: लेबलं, खोकी, पाट्या. आंब्याचा हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे या वेळच्या पत्रांत पेट्याच जास्त. सुरुवात तिथूनच करते.

ताई, देवगडात आमची हापूसची बाग आहे. आजवर माल वाशीला जायचा. आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना आम्ही थेट पेटी पाठवतो. नव्या खोक्यासाठी डिझायनरने सोनेरी रंगात मुकुट घातलेला आंबा काढून दिलाय. दिसतो छान, पण मन भरत नाही. खोक्यावर नेमकं काय असावं?
— एक बागायतदार, देवगड

तुमचं मन बरोबर सांगतंय. एप्रिलमध्ये दादरच्या कुठल्याही फुटपाथवर उभं राहून बघा. पिवळा आंबा, हिरवं पान, सोनेरी अक्षरं आणि वर ‘कोकणचा राजा’. कर्नाटकातून आलेल्या आंब्याच्या खोक्यावरही हेच चित्र असतं, हेच शब्द असतात. मुकुट कुणालाही छापता येतो. तुमच्या खोक्यावर असं काहीतरी हवं, जे दुसऱ्याला छापताच येणार नाही.

ते तुमच्याकडे आहे. गावाचं आणि वाडीचं नाव आहे, बाग कातळावरची की खालच्या मातीतली हे आहे, आणि काढणीची तारीख आहे. मला विचाराल तर यात तारीख सर्वांत मोलाची. हापूस आपण देठासकट उतरवतो, पुरता पिकायच्या आधी, आणि मग तो पेंढ्यात पिकतो. तुम्हाआम्हाला हे शिकवावं लागत नाही, पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर पेटी उघडणाऱ्याला ते माहीत नसतं. त्याला हिरवट, कडक फळं दिसतात आणि तो फोन करून भांडतो. नाहीतर सगळी फळं तशीच फ्रीजमध्ये ठेवतो आणि चार दिवसांनी म्हणतो, चव नाही.

खोक्याच्या झाकणाची आतली बाजू बहुतेक जण कोरी सोडतात. ती वापरा. एकाच रंगात छापा: ‘काढणीची तारीख’, आणि पुढे हाताने लिहायला मोकळी रेघ. त्याखाली साध्या बोलीत चार ओळी. फळं खोलीतच, पेंढ्यावर, एका थरात पसरा. रोज एकदा बघा. वास सुटला आणि देठाजवळ हलकं दाबून मऊ लागलं की खा. पिकण्याआधी फ्रीज नको. कार्बाइड तुम्ही वापरत नसाल तर तेही लिहा. त्यावर कायद्याने बंदी आहेच, पण गिऱ्हाइकाला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

साक्याबद्दलही लिहा. वरून देखणं फळ कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. बाहेरून तो कळत नाही आणि हापूसला हा दोष आहे. बागायतदार ही गोष्ट छापायला घाबरतात. मी मात्र प्रत्येकाला आग्रहाने सांगते: ‘साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत घाला. ते नसेल तर शहरातला माणूस त्याला नासका माल समजतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडून मागवतो.

आता मानांकनाचं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे त्यात येतात. पण त्याचं चिन्ह इंटरनेटवरून उतरवून खोक्यावर चिकटवू नका. आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आणि तुमच्याच तालुक्यातलं एक काम डिझायनरला मुद्दाम दाखवा. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर क्रमांक असलेला स्टिकर आणला. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, मग स्टिकरच्या मागच्या बाजूचा आकडा विचारला जातो. त्यावर ना चित्र आहे ना घोषवाक्य. तरी अलीकडच्या काळात आपल्या जिल्ह्यात झालेलं हे मला सर्वांत मोलाचं डिझाइन वाटतं, कारण गिऱ्हाइकाच्या मनातली एकच शंका त्याने नेमकी पकडली: हा खरंच देवगडचा आहे ना? तुम्ही तो स्टिकर घेत असाल तर तो कसा तपासायचा हे खोक्यावर सांगा.

दोन गोष्टी छपाईच्या. तपकिरी खोक्यावर थेट छापलेला पिवळा मळकट दिसतो. खाली पांढरा थर दिला तर उजळतो, पण खर्च वाढतो. गडद हिरवा किंवा काळा एकच रंग घ्या, तो तपकिरीवर ठसठशीत उठतो. आणि छापण्याआधी खोकेवाल्याकडून डायलाइन, म्हणजे खोक्याच्या काप-घड्यांचा आराखडा, मागून घ्या. हवेची भोकं नेमकी बागेच्या नावातल्या अक्षरावर आलेली मी कितीतरी पेट्यांवर बघितली आहेत. टेंपोत पेट्या एकावर एक रचल्या की वरचं झाकण दिसत नाही, म्हणून नाव आणि डझन चारही बाजूंना हवेत.

आमचा वेंगुर्ल्याजवळ महिलांचा बचत गट आहे. कोकम आगळ आणि अमृत कोकम अशी दोन उत्पादनं आहेत. बाटल्या सारख्याच, लेबलंही सारखी, फक्त नाव वेगळं. गिऱ्हाइकं आगळ नेतात, पाण्यात घालून पितात आणि खारट लागतं म्हणून तक्रार करतात. लेबलात काय बदल करू?

नाव मोठं करून हे सुटणार नाही, कारण घाटावरच्या माणसाला आगळ म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. दोन्ही बाटल्यांची झाकणं वेगळ्या रंगांची घ्या. मग प्रत्येकीवर ती कशासाठी आहे ते नावाच्या लगेच खाली लिहा. आगळावर: ‘सोलकढी आणि आमटीसाठी. मीठ घातलेलं आहे.’ अमृत कोकमावर: ‘सरबतासाठी. साखर घातलेली आहे.’ जमलं तर आगळाच्या लेबलावर सोलकढीची वाटी आणि दुसऱ्यावर सरबताचा पेला, साध्या रेषेत काढून घ्या. भाषा न कळणारा पर्यटकही चुकणार नाही.

कोकमाचा लाल रंग उजेडात आणि उष्णतेत उतरतो. दुकानदार बाटल्या उन्हाच्या बाजूला मांडतात आणि महिन्याभरात माल तपकिरी दिसायला लागतो. म्हणून लेबल पुढच्या चौकोनापुरतं न ठेवता बाटलीभोवती गुंडाळा. कागदी लेबल आपल्या दमट हवेत पावसाळ्यात सुटतं आणि फ्रीजमधून काढल्यावर भिजून फाटतं. प्लॅस्टिक फिल्मचं स्टिकर लेबल थोडं महाग पडतं, पण टिकतं.

कायद्याचा मजकूर शेवटी कोंबू नका, आधी त्याची जागा आखा: अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ प्रमाण, बॅच, तारखा, सर्व करांसह किंमत, पत्ता आणि तक्रारीचा फोन. हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीने जरूर घाला, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. गटांच्या लेबलांत हे बऱ्याचदा राहून जातं आणि छापलेला सगळा गठ्ठा वाया जातो.

मी रत्नागिरीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनू कार्डं, होमस्टेच्या पाट्या. मराठीसाठी चांगले फॉन्ट कुठले वापरावेत? आमच्याकडे सगळं अजून श्रीलिपी आणि कृतिदेववर चालतं.

या प्रश्नाची मी वाट बघत होते. गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरी अक्षरांवर जेवढं काम झालं, तेवढं त्याआधीच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि त्यातलं बरंच फुकट उपलब्ध आहे. तरीही आपल्या पाट्यांवर अजून तीच जुनी अक्षरं दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की इंग्रजी खुणांचा चिखल होतो. युनिकोडमध्ये टंकला तर तोच मजकूर पत्रिकेवर, वेबसाइटवर आणि गुगल मॅपवरही चालतो. युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत. म्हणून आधी तिच्यावर या. मग फॉन्ट निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्त’ हा मेनू कार्डासारख्या बारीक मजकुराला फार चांगला. त्याला हलक्यापासून जाड्यापर्यंत अनेक वजनं आहेत, त्यामुळे पदार्थाचं नाव आणि किंमत एकाच घराण्यातल्या अक्षरांत बसवता येतात. त्यांचाच ‘बालू’ गुबगुबीत आहे, दुकानाच्या नावाला शोभतो. ‘मोदक’ तर इतका जाड आहे की अक्षराच्या पोटातली जागा रेघेएवढी उरते. एखादा शब्द भिंतभर लिहायचा असेल तरच घ्या. २०२२ मध्ये आलेल्या ‘अनेक’मध्ये रोमन धरून दहा लिप्या एकाच धाटणीत आहेत. मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशी तिहेरी पाटी करायची वेळ आली तर दुसरीकडे बघू नका. पुस्तकी, शांत वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर मिळतात.

नावातला ‘मराठी’ हा शब्द तिथे उगाच नाही. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हे हिंदीतल्या वळणांहून वेगळे असतात. कित्येक फॉन्टमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी ठरवून दिल्याशिवाय ते बाहेर येत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी करा आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू ठेवा. कोरेलच्या फार जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर फुटतो. ती असेल तर बदला.

एक गोष्ट होमस्टेच्या पाट्यांसाठी खास. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द आपल्याकडे दर दुसऱ्या पाटीवर आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो ‘किनार्यावर’ असा रफाराचा छापलेला असतो. नेहमीच्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला य जोडा, म्हणजे आडवा अर्धा र मिळतो. डोंगऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे हेच. मजकूर तपासून झाला की अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करूनच, प्रेसला पाठवा.

आणि विंडोजसोबत मिळणारा ‘मंगल’ लेबलावर वापरू नका. तो र. कृ. जोशी यांनी पडद्यावर वाचण्यासाठी केला आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. जोशीसर जाहिरात क्षेत्रात वाढले, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्यांनी शिकवलं, कविता लिहिल्या, आणि भारतीय लिप्या संगणकावर नीट दिसाव्यात म्हणून शेवटपर्यंत खपले. २००८ मध्ये ते गेले. आज विंडोजवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं अक्षर कधी ना कधी वाचलेलं आहे, बहुतेकांनी त्यांचं नाव न ऐकताच.

मी निवृत्त शिक्षक. पूर्वीच्या जाहिराती मनात राहायच्या. हल्ली भारतीय जाहिरातींना परदेशात बक्षिसं मिळतात असं वाचतो, पण त्यातली एकही आमच्यापर्यंत पोचत नाही. ही बक्षिसं नेमकी कशाला मिळतात?
— सावंतवाडी

गुरुजी, काही बक्षिसं बक्षिसांसाठीच केलेल्या कामाला मिळतात, हे खरं आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात ब्राझीलच्या डीएम९ या संस्थेचं सर्वोच्च पारितोषिक काढून घेतलं गेलं, कारण कामाची माहिती देणाऱ्या चित्रफितीत एआयने फेरफार केलेली दृश्यं होती. त्या बातमीने आमच्या क्षेत्रात बरीच खळबळ झाली, आणि व्हायलाच हवी होती.

पण चांगली कामंही होतात आणि ती तुमच्यासारख्या शिक्षकाला नक्की आवडतील. सॅव्हलॉनसाठी ओगिल्वी या जाहिरात संस्थेने खडू केले. पाटीवर लिहिणाऱ्या मुलांच्या हाताला खडूची भुकटी लागते; त्या भुकटीतच साबण मिसळला. मधल्या सुट्टीत मूल नळाखाली हात धरतं आणि फेस होतो. हात धुण्याचं महत्त्व सांगणारा फलक नाही, गाणं नाही. २०१८ मध्ये कानला परिणामकारकतेचं सर्वोच्च पारितोषिक याला मिळालं. त्याआधी २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयसाठी सुमारे पंचवीस लाख रोट्यांवर गरम ठसा उमटवला होता. जेवायला बसलेल्या माणसाला रोटीच विचारायची, हात धुतलेस का? आणि २०२५ मध्ये मुंबईच्या मध्य रेल्वेसाठी एफसीबी या जाहिरात संस्थेने केलेली ‘लकी यात्रा’: विनातिकीट प्रवास कमी व्हावा म्हणून लोकलचं तिकीटच सोडतीचं तिकीट झालं, रोज एका प्रवाशाला दहा हजार रुपये. दंडाची भीती घालणारी पोस्टरं आपण जन्मभर बघितली. इथे तिकीट काढणाऱ्याला काहीतरी मिळण्याची आशा दिली.

तिन्ही कामांत जाहिरात माणसाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूवर जाऊन बसली: खडू, रोटी, तिकीट. या काळातला मला सर्वांत आवडणारा बदल हाच आहे. आणि तो आपल्याला परका नाही. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं. दिनदर्शिका घरोघरी होत्याच. त्यांनी पानाची कोरी मागची बाजू वाचनीय केली: पाककृती, आरोग्य, भविष्य. घरातली बाई वर्षभर पान उलटत राहिली आणि सोबत छापलेली जाहिरातही वर्षभर डोळ्यांसमोर राहिली. माध्यमाची इतकी जाण असलेली फार थोडी कामं मला माहीत आहेत.

पूर्वीच्या, मनात राहणाऱ्या जाहिरातींपैकी कितीतरींमागे जाहिरातकार पीयूष पांडे होते. फेव्हिकॉलची ती माणसांनी लगडलेली बस आठवत असेल तुम्हाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले. रस्त्यावरची, चहाच्या टपरीवरची बोली त्यांनी जाहिरातीत आणली. इंग्रजीत विचार करून नंतर भाषांतर करण्याची पद्धत त्यांच्यामुळे मागे पडली, आणि आमच्या पिढीला मराठीत थेट लिहिण्याचं धाडस मिळालं.

आमचा गुहागरला होमस्टे आहे. भाच्याने एआय वापरून सुंदर फोटो बनवून दिलेत. समुद्र निळाशार, अंगणात झोपाळा. झोपाळा प्रत्यक्षात नाही, पण लावणार आहोत. चालेल का?

नको. झोपाळा आधी लावा, मग फोटो काढा.

निळ्या समुद्राचंही तेच. आपला समुद्र ऑक्टोबरनंतर निवळतो, पावसाळ्यात मातकट असतो आणि तो तसाही बघायला लोक येतात. जुलैचा खवळलेला समुद्र, कौलांवरून ओघळणारं पाणी, चुलीवरचं गरम पाणी, हे खरे फोटो लावा. एआयने काढलेल्या ‘कोकणा’त मला नेहमी केरळची होडी आणि बालीचं छप्पर दिसतं, आपल्या मंगलोरी कौलांचा उतार त्याला जमत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. एवढ्यावर वेळ येणार नाही, पण नाराज पाहुणा गुगलवर जे लिहून जातो ते पुसता येत नाही.

भाच्याला मात्र नाउमेद करू नका. या तंत्राचा नेक वापर कसा होतो ते त्याला सांगा. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानची एक जाहिरात केली. तिच्यात एआयच्या मदतीने छोट्या दुकानदारांना आपल्या दुकानाचं नाव शाहरुखच्या तोंडी घालता येत होतं, अर्थात त्याच्या संमतीने. कोपऱ्यावरच्या वाण्याला देशातला सर्वांत महागडा नट मिळाला. २०२२ मध्ये कानचा टायटॅनियम सन्मान तिला मिळाला. भाचा तुमच्या पाहुण्यांसाठी वाडीच्या वाटांचा नकाशा करू शकेल, चार भाषांत घराचे नियम लिहून देऊ शकेल. त्याला त्या कामाला लावा.

मी मालवणात वर्षानुवर्षं पेंटर म्हणून काम केलं. दुकानाच्या पाट्या, रिक्षांचे नंबर, होड्यांची नावं. फ्लेक्सने पाट्यांचं काम खाल्लं. आता होड्याच उरल्यात. मुलगा म्हणतो, ब्रश ठेवून द्या. तुमचं मत काय?

दादा, ब्रश ठेवू नका. तुमच्या हातातली कला परत मागितली जाते आहे, पण मागणारे वेगळे आहेत. पर्यटकांसाठी खानावळी, होमस्टे, कॅफे काढणारी नवी मुलं हाताने रंगवलेली पाटी शोधत असतात आणि त्यांना माणूस मिळत नाही. खारा वारा आणि ऊन यांत फ्लेक्स दोन पावसांत विटतो, चिरतो. नीट प्रायमर मारून पत्र्यावर एनॅमलने रंगवलेली पाटी त्याच्या कितीतरी पट टिकते. हे गिऱ्हाइकाला सांगा, आणि किंमत फुटांवर न लावता पाटीच्या आयुष्यावर लावा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना ती लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती.

मुलाला सोबत घ्या. तुमची पूर्ण मुळाक्षरं, बाराखडी आणि नेहमी लागणारी जोडाक्षरं पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात लिहा, त्याने ती स्कॅन करून जपावीत. हनीफ कुरेशी या कलाकाराने देशभरातल्या पाटी-रंगाऱ्यांची अक्षरं अशीच गोळा करून त्यांचे फॉन्ट केले आणि प्रत्येकाला रंगाऱ्याचं नाव दिलं. २०२४ मध्ये ते अकाली गेले. त्यांच्या संग्रहात कोकणातल्या होडीवरचं वळण असतं तर मला फार आनंद झाला असता. होडीच्या पुढच्या टोकाच्या, म्हणजे नाळेच्या, वक्राबरोबर वळणारं, लाटेच्या उंचीवरूनही वाचता येणारं ते अक्षर कुठल्याच संगणकात नाही. तुमच्या घरात आहे. पाटीच्या कोपऱ्यात सही करायला विसरू नका, आणि खाली फोन नंबर.

मी चिपळूणला बारावीत आहे. मला उपयोजित कला करायची आहे. घरचे म्हणतात मुंबईला जावं लागेल, खर्च झेपणार नाही.

आधी सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट बघून ये, तुझ्या घरापासून लांब नाही. मुंबईत जे. जे., आणि आयआयटीच्या आयडीसीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते. दोन्हीची तयारी घरी बसून करता येते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या असशीलच. रोज बोरूने एक पान अक्षरं लिही. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून आपली वाट काढली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावालाच नाटकाचा स्वभाव दिला; ती कात्रणं मिळतील तिथून जमव आणि बघून बघून काढ. सावंतवाडीला गेलीस तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे रंगवलेले खेळायचे पत्ते, बघ. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे १२० गोल पत्ते असतात. तळहाताएवढ्या वर्तुळात दहा अवतार वेगवेगळे ओळखू येतील असे कसे मांडलेत, त्यावर वहीत टिपणं कर. आज फोनच्या पडद्यावरचं चिन्ह काढणाऱ्यालाही नेमकं हेच सोडवावं लागतं.

संगमेश्वरजवळ महामार्गावर आमची खानावळ आहे. पाटीवर नाव, मेनू, मालकांचा फोटो, तीन नंबर, सगळं आहे. तरी गाड्या पुढे निघून जातात.

कारण वाचायला वेळच मिळत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ५५ फूट कापते. पाटी वाचून, ठरवून, वेग कमी करायला तीन सेकंद धरा, म्हणजे तुमची पाटी दीडशे-पावणेदोनशे फुटांवरून वाचता यायला हवी. दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर हा पाटीवाल्यांचा जुना हिशेब. म्हणजे अक्षर सोळा-सतरा इंचांचं, आणि वर-खाली मात्रा-उकारांना जागा वेगळी. एवढ्या अक्षरात फार तर तीन शब्द मावतात. ‘मासे. भाकरी. डावीकडे.’ बाकीचं सगळं आत, टेबलावर.

मालकांचा फोटो काढून टाका. पाटी खानावळीसमोर न लावता वळणाच्या बरीच आधी लावा, म्हणजे चालकाला ब्रेक मारायला अवधी मिळेल. त्यासाठी महामार्गाची आणि जागामालकाची परवानगी घ्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरला जे होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, ते चाळीस फुटांच्या मर्यादेत नसून १२० फुटांचं होतं. आपल्याकडे तर निसर्ग आणि तौक्ते ही दोन वादळं लागोपाठच्या वर्षी येऊन गेलीत. सांगाडा गंजलेला नाही ना, हे मे महिन्यात वेल्डरकडून बघून घ्या, आणि फ्लेक्स असेल तर पाऊस लागण्याआधी उतरवून ठेवा.